कॉस्टिकचं माप

१२ फेब्रुवारी

चिरंजीव भोंग्या,

'चिरंजीव' लिहिलंय म्हणून लगेच हुरळून जाऊ नकोस. सहा वर्षांचा राग आहे, तो एका शब्दाने जात नाही. पण धाकट्या भावाला पत्र लिहिताना दुसरं काय लिहायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

तुझ्या घशाचं ऑपरेशन झालं हे मला आपल्या टपालवाल्याकडून कळलं. सख्ख्या बहिणीला, टपालवाल्याकडून! सकाळी साबणाच्या कारखान्याच्या दारात सायकल लावून उभा राहिला. पत्रं देईना, जाईना. मग म्हणाला, "ताई, भोंग्याचा आवाज गेला हो," आणि चक्क डोळे पुसायला लागला. पन्नाशीचा माणूस, दोन मुलींचा बाप. खाकी शर्टाची वरची दोन बटणं काढून आतला काळा टी-शर्ट दाखवला. त्यावर तुमच्या बॅंडचं नाव, 'गंज', असं काटेरी झुडपासारखं लिहिलेलं. म्हणाला, कामावर असताना रोज आतून हाच घालतो. हसावं की रडावं ते कळेना. शेवटी मी त्याला चहा दिला.

भोंगा हे नाव आईने ठेवलं होतं. पाळण्यात रडायला लागलास की रस्त्यावरची माणसं वर बघायची, म्हणून. आता ते नाव हजारो पोरं छातीवर छापून फिरतात आणि जिने ठेवलं ती बघायला नाही.

तर, डॉक्टरांनी दोन महिने तोंडाला कुलूप लावायला सांगितलंय म्हणे. म्हणून फोन न करता लिहितेय. (फोन मी तसाही केला नसता.) आणि वार्ताहरांना तू पाटीवर लिहून दिलंस, ते पेपरात वाचलं. 'आवाज नाही तर बेसही नाही. गंज संपलं.' वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, घसा कापलाय, बोटं कुठे कापलीत? ती चार जाड तारांची गिटार तू तोंडाने वाजवत होतास का? गायचं तेव्हा गाशील, नाही तर नाही. पण वाजवायला काय धाड भरलीय?

मला काय म्हणा. तुझी गाणी मी ऐकत नाही. माझ्या डोक्यात कलकलतं.

आणि त्या जुन्या गोष्टीबद्दल पुन्हा एकदा, शेवटचं सांगते. तुझ्या तारा मी मायेने धुतल्या होत्या. अकरा वर्षांचा घाम, मळ, गंज. साबण करणाऱ्या बाईच्या घरात अशी घाण पडलेली, माझा हात शिवशिवला. त्या मळातच तुझा आवाज होता हे मला काय माहीत? चूक झाली. माणसाच्या हातून होते.

कोमट पाणी पीत जा. थंड नको.

ताई

४ मार्च

भोंग्या,

तीन आठवडे झाले. टपालवाला रोज लांबूनच मान हलवतो. आता तर मला त्याचीच दया यायला लागली आहे. काल म्हणाला, "ताई, दोन ओळी जास्त प्रेमाने लिहून बघा ना." मी म्हटलं, पत्रं तुम्ही वाचता की काय? तर म्हणे, नाही हो, तुमचा चेहरा वाचतो.

बरं, प्रेमाने लिहिते.

आज साबण कापायची चौकट साफ केली. बाबांनी बनवलेली तीच, लाकडाची, आडव्या ताणलेल्या नऊ तारांची. आता कापायचं मशिन आलंय, पण लहान घाणा असला की मी अजून चौकटच वापरते. तुला आठवतं का? तू पाच वर्षांचा, स्टुलावर चढून त्या तारा छेडत बसायचास. टण्‌, टण्‌. तारा सैल व्हायच्या, वड्या वाकड्या कापल्या जायच्या, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, हा साबण आहे की पाचर? बाबा तुझा कान पिळायचे. आणि तू मोठ्याने विचारायचास, "बाबा, हिचा आवाज जाड का आणि तिचा बारीक का?" कान पिळतापिळता बाबा थांबून सांगायचे, ही सैल आहे म्हणून जाड. मग पुन्हा पिळायचे.

तुला जाडच आवडायचा. आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. दिवसभर त्या चौकटीपाशी बसून एकच सैल तार वाजवत होतास. मी वीस वर्षांची. मला वाटलं, ओरडावं, बंद कर म्हणून. बाबा म्हणाले, राहू दे, तो रडतोय.

ते लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं.

आणखी एक. मागच्या पत्रात मी लिहिलं की तुझी गाणी ऐकत नाही. ते खोटं आहे. मी तुझे चार कार्यक्रम पाहिलेत, या सहा वर्षांत. पहिला कानात कापूस घालून; सगळ्यात मागे, जिथे पाण्याच्या बाटल्या विकतात तिथे उभी राहून. पहिल्याच वेळी शेजारच्या पोराने विचारलं, "काकू, तुम्ही चुकून आलात का?" मी म्हटलं, हो. मग 'कढई' लागलं. बाबा कढईतल्या तेलाला म्हणायचे ना, साबण जमून यायला लागला की, "ये वर, ये वर," लाडाने, जनावराला बोलवावं तसं. ते तू गाण्यात घेतलंस. पोटातून गुरगुरत, की जमीन हलावी. आणि समोर वीस हजार पोरं हात उंच करून ओरडतायत, "ये वर!" मी कापूस काढला आणि रडले. त्या पोराने मला पाणी आणून दिलं.

पुढच्या तीन वेळी कापूस नेलाच नव्हता.

बेसची पेटी उघड रे. एवढंच म्हणणं आहे.

ताई

२९ मार्च

भोंग्या,

हे पत्र मी चार दिवस लिहितेय. तीन कागद फाडले.

टपालवाल्याने एक मासिक आणून दिलं. त्यात तुझी मुलाखत आहे, तू लिहून दिलेली उत्तरं. त्यांनी तुला विचारलं, घसा असा ताणायला कधीपासून सुरुवात झाली? तू लिहिलंस, 'सहा वर्षांपूर्वी, एका मैदानावरच्या कार्यक्रमात. बेसचा आवाज साथ देत नव्हता, म्हणून घशाने ते काम केलं. मग तीच सवय लागली.' पुढे काही नाही. कोणाचं नाव नाही, कसली तक्रार नाही.

मी मासिक मिटलं आणि कढईपाशी जाऊन उभी राहिले. कामावरच्या बायका विचारायला लागल्या, ताई, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, कॉस्टिक सोड्याची वाफ लागली.

भोंग्या, ती चूक नव्हती.

लिहिलं एकदाचं. आता सगळंच लिहिते, नाही तर हाही कागद फाडेन.

आदल्या आठवड्यात तू रेडिओवर सांगितलं होतंस की माझ्या तारा अकरा वर्षं बदललेल्या नाहीत, पुसलेल्यासुद्धा नाहीत. सगळे वादक नव्या चकचकीत तारा लावतात, पण गंजचा आवाज या मेलेल्या तारांत आहे. त्या गेल्या की आम्ही गेलो. हे सांगून तू तुझं ते घोगरं हसू हसलास. मी वड्यांना कागद गुंडाळत ऐकत होते. शब्द न्‌ शब्द ऐकला.

आणि मग तू घरी मुक्कामाला आलास आणि जेवताना सांगितलंस, उद्याचा कार्यक्रम बघायला परदेशातले लोक येणार आहेत, त्यांना आवडलं तर दोन वर्षांचा दौरा. दोन वर्षं! बाबा नुकतेच अंथरुणाला खिळले होते. त्यांना उचलून बसवायला दोन माणसं लागायची, एक मी आणि एक तू, येशील तेव्हा. तू 'दोन वर्षं' म्हणालास तेव्हा बाबांनी टाळी वाजवली, एकाच हाताने, चादरीवर. मीही हसले. तुला आणखी वाढलं.

सकाळी तू मित्रांना भेटायला गेलास. पेटी माझ्या खोलीत होती. मी हातमोजे घातले. तारा उतरवल्या. कॉस्टिकचं पाणी केलं, मापून. तीस वर्षांत माझं कॉस्टिकचं माप कधी चुकलेलं नाही, त्या दिवशीही चुकलं नाही. तारा बुडवल्या, घासल्या, खळखळून धुतल्या, उरलंसुरलं कॉस्टिक मरावं म्हणून व्हिनेगर लावलं, पुसून पुन्हा चढवल्या. चांदीसारख्या झाल्या. दीड तास लागला. दीड तासात मी कधीही थांबू शकले असते.

तू पेटी उघडलीस ती थेट स्टेजवर. पुढचं तुला माहीत आहे. चमचे वाजावेत तसा आवाज. आणि तू त्या आवाजावर घसा ओढून ओढून ओरडत राहिलास, तासभर. मी पहिल्या रांगेत होते.

तू घरी येऊन म्हणालास, "तू माझा आवाज धुऊन टाकलास." मी म्हणाले, "त्याला आवाज म्हणतात का? आई असती तर कान झाकले असते." आईचं नाव मी घ्यायला नको होतं. तू त्याच संध्याकाळी गेलास. आणि गंमत बघ, त्या परदेशातल्या लोकांना तरीही आवडलं. दौरा झालाच. सगळं करून माझ्या हाती काय आलं, तर बाबांना एकटीने उचलणं, दीड वर्षं. त्यांना शेवटचा निरोप द्यायला आलास तेव्हा फाटकाजवळच उभा राहिलास. मी आत ये म्हणाले नाही. तुझ्या डोळ्याला डोळा भिडवायची छाती नव्हती. लोकांना वाटलं, ताठा.

मला भीती वाटली होती रे. तू गेलास की या घरात मी आणि कढई. 'थांब' म्हणायला तोंड उघडलं नाही, म्हणून हात चालवले.

माफ कर म्हणत नाही. ते तू ठरव. पण तुझा घसा माझ्यामुळे गेला असेल तर बेस तरी माझ्यामुळे बंद करू नकोस. दोन्ही पापं माझ्याच्याने उचलायची नाहीत.

ताई

९ एप्रिल

ताई,

मला माहीत होतं.

तारा हातात घेतल्या तेव्हाच. त्यांना कॉस्टिकचा बुळबुळीतपणा नव्हता, व्हिनेगरचा वास होता. जी बाई चुकून तारा धुते ती वर व्हिनेगर लावत नाही. आणि खुंट्यांवर तारांचे वेढे मोजून तीन-तीन, मी घालतो तसेच. इतकी नीट चूक कोणाच्या हातून होते?

मी रागावलो ते तारांवरून नाही. तू 'थांब' म्हणाली असतीस तर मी थांबलो असतो. हे खोटं. थांबलो नसतो. पण जाताना कोणीतरी मला अडवलं होतं एवढं तरी बरोबर नेलं असतं. मला वाटलं, तुला मी नकोच आहे. सहा वर्षं तेच वाटत होतं.

घशाचं श्रेय घेऊ नकोस. रोज दोन तास गुरगुरायचं, त्यावर थंड पाणी प्यायचं, डॉक्टरांनी तीनदा बजावलं तरी ऐकायचं नाही, हे सगळं मी स्वतः मेहनतीने केलंय.

तुझ्या कानातल्या कापसावर मी खूप हसलो. आवाज न करता. पोट दुखलं.

बेसची पेटी अजून बंद आहे. उघडायला घाबरतो. गळ्यातून काही येत नसताना बोटांतून आलं आणि ते अर्धंच वाटलं तर? टपालवाल्याला हे सांगू नकोस, फार आशा लावून बसलेला दिसतो.

शनिवारी येतो. पेटी आणतो. डॉक्टरांनी दिवसाला पाच मिनिटं बोलायची परवानगी दिली आहे. ती घरी खर्च करीन म्हणतो.

भोंगा

२१ सप्टेंबर

चिरंजीव भोंग्या,

या वेळी 'चिरंजीव' मनापासून लिहिलंय, हुरळलास तरी चालेल.

तू काल गेलास आणि मला वाटलं, आता आपलं बोलणं सुरू झालंय तर पत्राची गरज काय. पण सवय लागली. शिवाय तोंडावर काही गोष्टी बोलता येत नाहीत. मग तू डोळे मिचकावतोस आणि मी चहाला उठते.

पहिल्या दिवशी तू दारात उभा राहिलास, पेटी खांद्यावर. सहा वर्षांनी घरात येतोयस, पाच मिनिटांची शिदोरी, आणि पहिला शब्द काय खर्च केलास? "भूक." आवाज असा, कोणी दुसऱ्या खोलीतून बोलतंय. मी स्वयंपाकघरात पळाले ती रडायला. तुला वाटलं वाढायला.

मग रोज जेवण झाल्यावर घड्याळ समोर ठेवून तू बाबांबद्दल विचारायचास. रोज पाच मिनिटं. काय खायचे, कोणाचं नाव घ्यायचे, दुखायचं का. उरलेला दिवस उत्तरं मी द्यायची. सतरा दिवस लागले आपल्याला बाबांचं दीड वर्ष संपवायला. मी ते कोणाला सांगितलंच नव्हतं. अठराव्या दिवशी मी इतकी गाढ झोपले की कारखाना उघडायला उशीर झाला, आणि तू बायकांना खुणा करून करून साबण ओतवलास. जाडी कमी-जास्त. त्या वड्या अजून माझ्याकडे आहेत, विकल्या नाहीत.

पेटी मात्र कोपऱ्यात तशीच. मी तिच्या भोवतीनेच केर काढायचे. कानाला खडा लावला होता.

त्या दिवशी मशिन बिघडलं म्हणून बाहेर काढावी लागली चौकट. बायका कापायला लागल्या आणि एक तार सैल होती. टण्‌. तू जेवता जेवता उठलास. हात धुतलेस, पेटी उघडलीस आणि त्या सैल तारेच्या सुरात सूर मिळवून वाजवायला लागलास. तसाच उभ्याने. बायका कापत राहिल्या, तू वाजवत राहिलास. सगळ्यात थोरल्या बाईने मान डोलावली आणि म्हणाली, "हे बरंय, हात दुखत नाही." तुझ्या एवढ्या नावलौकिकात असं कौतुक कोणी केलं नसेल.

मी तुझ्या तारांकडे पाहिलं. पुन्हा काळ्याकुट्ट, सहा वर्षांचा मळ. बोटांच्या जागी तर चिकट थर. माझा हात आपोआप पुढे गेला. तू पाहिलंस. मी तो हात पदराला पुसून मागे घेतला. तू हसलास, आणि या वेळी हसण्याला थोडासा आवाज होता.

आता परवाचं.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी तू बेस माझ्या खोलीत ठेवून गेलास. तीच खोली, तोच कोपरा. जाताना वळूनही पाहिलं नाहीस. अरे, असा जीव टांगणीला लावतात का माणसाचा? मी पेटीसमोर खुर्ची घेऊन बसले, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. मग मला कळलं की तू परीक्षा बघत नव्हतास. तू फक्त तुझं सामान तुझ्या घरी ठेवून गेला होतास. मग मी उठले आणि भांडी घासली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैदानावर टपालवाला माझ्यासोबत होता, दोन्ही मुलींना घेऊन. काळा टी-शर्ट या वेळी बाहेरून. माझ्यासाठीही एक आणला होता. मी म्हटलं, माझं वय बघा. तर मुली म्हणाल्या, "काकू, घाला हो." घातला. काटेरी झुडूप माझ्याही छातीवर.

तू गायला लागलास. आवाज पूर्वीच्या निम्माही नव्हता. खरखरीत, खालचा. गुरगुर तर नाहीच. पहिल्या गाण्याला लोक गप्प झाले, आणि मला वाटलं, संपलं, हे माझं केलेलं आहे आणि आता सगळ्या जगाला दिसणार. दुसऱ्या गाण्यात तू गायलास कमी आणि वाजवलंस जास्त. मग 'कढई'. तू ती गुरगुर जिथे यायची तिथे आलास, मान वर केलीस, तोंड उघडलंस आणि मिटलंस. नुसती जाड तार वाजवत राहिलास. टण्‌. टण्‌. चौकटीतली सैल तार.

मग मागून कोणीतरी ओरडलं, "ये वर!"

भोंग्या, ती मी होते.

माझा आवाज एवढा असेल हे मलाही माहीत नव्हतं. टपालवाला दचकून बाजूला झाला. मग तोही, त्याच्या मुलीही, मग पुढची रांग, मग सगळं मैदान. "ये वर! ये वर!" तू वाजवत होतास आणि डोळे पुसत होतास, म्हणजे एका हाताने वाजवत होतास, ते मी पाहिलं. ओरडून ओरडून माझा घसा बसला. आज बायकांना खुणांनी काम सांगितलं. आईने भोंगा नाव कोणाला ठेवायला हवं होतं असं थोरली बाई विचारत होती.

पुढच्या आठवड्यापासून पुन्हा दौरा आहे. दोन वर्षं नाहीत, पाच महिने आहेत. तरीही, सहा वर्षांपूर्वी म्हणायचं राहिलं ते म्हणते. थांब. नको जाऊस. मला तू इथे हवा आहेस.

म्हटलं. आता जा.

कोमट पाणी पी. दोन गाण्यांच्या मध्ये घसा राखून ठेव, उरलेलं ते ओरडतात. फेब्रुवारीत येशील तेव्हा चौकटीची ती सैल तार तशीच असेल, मी ताणलेली नाही. वड्या वाकड्या निघतायत, निघू देत.

सामानात साबणाच्या सहा वड्या ठेवल्या आहेत. तुझ्यासाठी आहेत, अंगाला. तारा पुसू नकोस.

ताई